अब्दुल करीम खाँ : श्रुतींचा साधक आणि फिरत्या तबकडीचे इमान

स्वरांच्या सच्चेपणासाठी हिंदुस्थानी संगीतात आजही ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना जाऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांची मैफल समोर बसून ऐकलेली पिढी आता उरलेली नाही. उरला आहे तो फिरत्या तबकड्यांवर उमटलेला त्यांचा आवाज. लाखेच्या तबकडीवरून तो एलपीवर आला, एलपीवरून कॅसेटवर आणि पुढे सीडीवर. मुंबई-पुण्यातील अनेक घरांत अशा सीडींचे गठ्ठे कपाटात पडून आहेत आणि त्या वाजवण्यासाठी चांगला प्लेअर शोधायचा तर बहुधा जुन्या बाजाराचीच वाट धरावी लागते. कारण एका वेळी पाच-सहा तबकड्या सामावणारे घरगुती सीडी प्लेअर बनवणे बहुतेक कंपन्यांनी केव्हाच थांबवले आहे. वापरलेल्या यंत्रावर भरवसा ठेवावा तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न मग उभा राहतो. या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी खाँसाहेबांच्या जीवनक्रमातून मिळते. वाद्य कितीही देखणे असले, तरी ते कानाने पारखल्यावाचून त्यावर विसंबायचे नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता.

किराण्याहून बडोद्याला

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील किराणा ऊर्फ कैराना या गावी झाला. गाणे-बजावणे हा घराचा पिढीजात व्यवसाय होता. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. गळ्याबरोबरच सारंगी आणि बीन या वाद्यांवरही त्यांचा हात बसला. गाताना आवाज एखाद्या स्वरावर अलगद टेकवायचा आणि तेथे तो अखंड ठेवायचा, ही त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली हातोटी या तंतुवाद्यांच्या संस्कारातूनच घडली, असे जाणकार मानतात.

तरुण वयात ते भाऊ अब्दुल हक यांच्यासह बडोद्याला आले आणि सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारात गायक म्हणून रुजू झाले. तेथे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. धर्म, जात आणि सामाजिक प्रतिष्ठा या तिन्ही भिंती आड होत्या. दोघांनी बडोदे सोडले, मुंबई गाठली आणि संसार थाटला. दरबारची शाश्वत नोकरी गेली. त्यानंतर खाँसाहेबांचे आयुष्य रेल्वेच्या डब्यात, जलशांच्या मांडवात आणि संस्थानिकांच्या आमंत्रणांवर चालले.

फिरता फिरता ते मिरजेला आले. तेथे एका कठीण दुखण्यातून उठल्यावर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा जडली, असे सांगितले जाते. मिरज हे पुढे त्यांचे घर झाले. म्हैसूरच्या दरबाराकडूनही त्यांना वारंवार बोलावणे येई. या दक्षिणेच्या वाऱ्यांत त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकले आणि तेथील सरगमची रीत आपल्या गायकीत आणली. उत्तरेचा एक गवई त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित करतो, ही त्या काळातील अपूर्व गोष्ट त्यांच्याच नावावर आहे.

जाता-येता धारवाड-हुबळी भागात मुक्काम होत असे. तेथेच कुंदगोळचे रामभाऊ त्यांना शिष्य म्हणून लाभले. हेच पुढचे सवाई गंधर्व. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर ही परंपरा त्यांच्यामार्फत वाढली. केसरबाई केरकर यांनाही बालपणी कोल्हापूरला काही महिने खाँसाहेबांची तालीम मिळाली होती.

तार, जवारी आणि बावीस श्रुती

तंबोरा जुळवणे ही खाँसाहेबांच्या लेखी मैफलीपूर्वीची किरकोळ तयारी नव्हती. तो मैफलीचा पायाच होता. घोडीवरच्या रेशमी धाग्याची जागा केसभर सरकवून जवारी काढणे, बिघडलेले वाद्य स्वतः उघडून दुरुस्त करणे, यात ते निष्णात होते. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांच्या मिरज गावात अशा कानाच्या माणसाला काय मान असेल, हे वेगळे सांगायला नको.

या कानाची कीर्ती कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्यापर्यंत पोहोचली. सांगलीचे देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते आणि प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुती आजच्या गायकाच्या गळ्यात सापडतात का, हे त्यांना मोजून पाहायचे होते. तारेची लांबी मोजायची आणि गायकाच्या स्वराशी ताडून पाहायची, असे हे प्रयोग होते. खाँसाहेब गात आणि देवल मोजत. या अभ्यासावरचे देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स यांनीही या कामात रस घेतला आणि त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची चर्चा झाली, पण जाणकारांच्या पसंतीस ती उतरली नाही. श्रुतींचे गणित कागदावर मांडता येते, पण रागाच्या ओघात हलणारा स्वर पट्टीच्या एका पितळी जिभेत कोंडता येत नाही, ही अडचण तेव्हाच पुढे आली. मात्र, यंत्राने स्वराशी इमान राखावे ही अपेक्षा त्या प्रयोगांमागे होती आणि ती आजही तितकीच खरी आहे.

पुण्यातील विद्यालय आणि घरातील दुरावा

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. निवडक विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय विद्यालयातच होती. विद्यार्थ्यांना फी नव्हती. खर्चाची तोंडमिळवणी जलशांच्या तिकिटांतून होई. जलशांत मुलांनाही गायला बसवले जाई. विद्यालयाचा रोजचा गाडा ताराबाईंनी समर्थपणे हाकला. परंतु पैशाची ओढाताण, सततचे दौरे आणि घरातील कुरबुरी यांमुळे १९२० च्या आसपास दोघांचे मार्ग वेगळे झाले. ताराबाई मुलांना घेऊन गेल्या आणि त्यांनी मुलांना नवी नावे दिली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली या हिराबाई बडोदेकर झाल्या आणि सकीना या सरस्वतीबाई राणे म्हणून नावारूपाला आल्या. बापाचे नाव लावले नाही, तरी बापाचा स्वर मुलांच्या गळ्यात राहिला. विशेषतः हिराबाईंनी स्त्रियांच्या जाहीर मैफलीला महाराष्ट्रात जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती या घराण्याच्या इतिहासातील मोठी घटना होय. खाँसाहेब मिरजेला परतले. आपल्याच मुलांची वाढती कीर्ती दुरून ऐकत राहण्याचे दुःख त्यांनी कसे सोसले असेल, याची केवळ कल्पनाच करता येते. त्यांच्या उत्तरायुष्यातील गाण्यात जी आर्तता आहे, तिचा संबंध अनेक रसिक या ताटातुटीशी जोडतात.

आधी भोंगा, मग मायक्रोफोन

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, तिशीतल्या अब्दुल करीम खाँ यांनी या यंत्रापुढे गाण्याचे धाडस केले. आवाज चोरला जाईल, विद्या बाजारात जाईल, अशा भीतीने अनेक नामवंत गवई तेव्हा या यंत्रापासून दूर राहत होते. मायक्रोफोन नव्हता. गवयाने मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोराने गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, असा तो प्रकार होता. एक-एक स्वर सावकाश उलगडणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. या तबकड्यांत खाँसाहेबांची तडफ ऐकू येते. त्यांची हळुवार लय मात्र भोंग्याने टिपली नाही.

पुढच्या वीस वर्षांत घरातील यंत्र बदलले. १९२५ नंतर मायक्रोफोनच्या साह्याने विजेवर ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि शहरांतील घरांतही किल्लीच्या स्प्रिंगऐवजी विजेच्या मोटरवर तबकडी फिरू लागली. मुंबईच्या घरात ही वीज येत होती ती सह्याद्रीतील पाण्यावर. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जात होत्या आणि १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. सत्याग्रह मोडला, धरण झाले, भातखाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रातील वीज मुंबईकडे वाहू लागली. शहरी दिवाणखान्यातील संगीतसुखाला ही किंमतही जोडलेली आहे.

१९३४ ते १९३६ या काळात ओडियन कंपनीसाठी खाँसाहेब पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसले. आता समोर मायक्रोफोन होता आणि वय साठीपलीकडे गेले होते. झिंझोटी, भैरवी, जोगिया, बसंत, शुद्ध कल्याण अशा रागांतील या तबकड्यांनी त्यांना अजरामर केले. मराठी नाट्यपदेही त्यांनी या काळात गायली. कुजबुजीइतका नाजूक स्वरही आता पकडला जात होता. गदगमधील बालवयात भीमसेन जोशी यांना गाण्याचा ध्यास लागला, त्यामागे खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेचा संस्कार होता, ही हकीकत सर्वश्रुत आहे. गुरूच्या गुरूचा हा पहिला धडा यंत्रातून मिळाला होता.

शेवटचे स्थानक

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासमधील कार्यक्रम आटोपून खाँसाहेब श्री अरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागाच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना केली आणि तेथेच प्राण सोडला. तो दिवस २७ ऑक्टोबर १९३७. मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. देशभरचे कलावंत दरवर्षी तेथे त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात.

एका फेऱ्याचे मोल

माणूस गेला की त्याच्या स्वराची सारी भिस्त यंत्रावर राहते. जुन्या तबकड्या मिनिटाला नक्की किती फेऱ्यांनी वाजवायच्या, हे सुरुवातीच्या काळात ठरलेले नव्हते. सत्तर ते ऐंशी फेऱ्यांच्या दरम्यान कोठेही मुद्रण होई. ७८ हा आकडा नंतर रूढ झाला. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर लावली, तर षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आवाज बारीक होतो आणि ताना उगाच धावू लागतात. बावीस श्रुतींच्या गणितात सर्वांत लहान अंतर ८१:८० मानले जाते, म्हणजे सव्वा टक्का. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांतील एका फेऱ्याची चूकही साधारण तेवढीच भरते. यंत्राचा वेग सारखाच चुकला असेल, तर निदान स्वरांमधील नाते शाबूत राहते. परंतु वेग मधूनच डळमळला, तर ज्या स्थिर स्वरासाठी खाँसाहेबांनी जन्म वेचला, तो स्वरच हलतो. किल्ली उतरत आलेला फोनो आणि पट्टा सैल झालेला कॅसेट प्लेअर, दोघांचाही दोष हाच.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेल्या सीडीने हा दोष दूर केला. बारा सेंटिमीटरच्या या तबकडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने या प्रमाणात आवाज आकड्यांत साठवलेला असतो आणि तो बाहेर सोडण्याची गती स्फटिकाचे घड्याळ ठरवते. तबकडी फिरवणारी मोटर थोडी मागेपुढे झाली, तरी स्वर हलत नाही. आतील बाजूस मिनिटाला सुमारे पाचशे आणि बाहेरील कडेला सुमारे दोनशे फेऱ्या, असा वेग यंत्र स्वतःच बदलत नेते. सव्वातीन मिनिटांच्या तबकडीच्या बावीस बाजू चौऱ्याहत्तर मिनिटांच्या एका सीडीत बसतात. पूर्वीच्या रेडिओग्रामवरील चेंजर एकावर एक तबकड्या टाकी आणि त्यांना ओरखडे पडत. सीडीच्या चेंजरमध्ये प्रकाशकिरण तबकडीला स्पर्शही करत नाही. पाच सीडी भरून ठेवल्या, तर खाँसाहेब, सवाई गंधर्व, हिराबाई आणि भीमसेन अशी किराणा घराण्याची वाटचाल न उठता ऐकता येते.

जुना चेंजर पारखताना

मात्र, येथेही बिघडणाऱ्या जागा आहेत. चेंजर दोन गोष्टींनी थकतो : एक, तबकड्या हलवणारी यांत्रिक बाजू आणि दुसरी, त्या वाचणारा लेझर. ट्रे अडखळत उघडत असेल किंवा फिरती चकती मध्येच थांबत असेल, तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो किंवा जुने वंगण सुकलेले असते. हे काम फारसे खर्चाचे नसते. लेझर क्षीण झाला असेल, तर मात्र त्या मॉडेलचा सुटा भाग मिळतो का, याची चौकशी यंत्र घेण्याआधीच कारागिराकडे केलेली बरी. सीडी घातल्यावर गाण्यांची संख्या दिसायला फार वेळ लागणे किंवा एक सीडी वाचली जाऊन दुसरी नाकारली जाणे, ही या आजाराची लक्षणे होत. काही वेळा मात्र भिंगावरची धूळ पुसल्यानेही काम भागते.

प्रकारांतही फरक आहे. फिरत्या चकतीवर पाच सीडी मांडणारे यंत्र तुलनेने साधे, उघडायला सोपे आणि दुरुस्तीला सोयीचे असते. डबीत सहा सीडी भरण्याच्या प्रकारात ती डबी हरवली किंवा मोडली की यंत्र निकामी होते. दोनशे-तीनशे सीडी पोटात घेणारी यंत्रे आकर्षक वाटतात, पण त्यांची रचना गुंतागुंतीची असते. परदेशातून आलेल्या यंत्राच्या मागील पट्टीवर व्होल्टेज पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील १२० किंवा जपानमधील १०० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ जोडले, तर पहिल्याच क्षणी जळेल. मागे ऑप्टिकल किंवा कोअक्सियल डिजिटल आउटपुट असेल, तर उत्तम. आतील ध्वनिविभाग जुना झाला, तरी बाहेरचा कन्व्हर्टर जोडून यंत्र वापरता येते.

खरी परीक्षा कानाने घ्यायची. घरच्या सीडी सोबत न्याव्यात आणि सर्व खाने भरून तासभर यंत्र चालवायला लावावे. कित्येक दोष यंत्र तापल्यावरच उघडे पडतात. एखाद्या लांबलचक सीडीचे शेवटचे गाणे अवश्य लावावे, कारण लेझर बाहेरच्या कडेला पोहोचल्यावरच काही यंत्रे अडखळतात. ढोल-ताशांच्या गजरात बारीक तुटणे लपून जाते. तंबोऱ्यावर टेकलेल्या लांब षड्जात ते लपत नाही. त्या दृष्टीने खाँसाहेबांच्या संथ आलापीइतकी कठोर कसोटी दुसरी नाही. यंत्र घरी आणताना आतील सीडी काढून घ्याव्यात आणि वाहतुकीचा स्क्रू असल्यास तो लावावा.

यंत्र टिकते ते हवेवर आणि वापरावर. पुण्याजवळ मुळशी, पौड, ताम्हिणी भागात ज्यांची सुट्टीची घरे आहेत, त्यांच्यापैकी अनेक जण शहरातील जुने यंत्र तिकडे नेऊन ठेवतात. पावसाळ्याचे चार महिने तेथील हवा ओलसर असते. बंद घरात महिनोन् महिने पडून राहिलेल्या यंत्राच्या भिंगावर बुरशी धरते आणि जोडण्या गंजतात. अशा घरातून विक्रीला आलेले यंत्र दिसायला नवे असले, तरी अधिक सावधपणे तपासावे. ज्यांनी ते तेथे ठेवले आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ते चालवावे आणि प्लास्टिकने गुंडाळून ओल आत कोंडू नये.

खाँसाहेबांनी तंबोऱ्याची किंमत त्याच्या नक्षीवर केली नाही. तार छेडल्यावर स्वर जागेवर राहतो का, एवढेच पाहिले. जुन्या यंत्रालाही तीच कसोटी लावावी. जोगियातील तो लांबवलेला स्वर सुरुवातीपासून अखेरपर्यंत न तुटता ऐकू आला, तर यंत्र घ्यायला हरकत नाही. तो कोठे तुटला, तर विक्रेत्याने किंमत कितीही कमी केली, तरी दुसरे यंत्र पाहावे.